१२३४५६७८९८७६५४३२१ : एका सतरा अंकी आकड्याची गोष्ट

मी बोलतोय वाडीतून, म्हणजे नागपूरच्या अमरावती रोडवरच्या वाडीतून. मागे ट्रकचा हॉर्न ऐकू आला तर समजून घ्या, आमच्याकडे ते पार्श्वसंगीत आहे. नवीन ऐकणाऱ्यांसाठी सांगतो, मी बीटेक केलंय, सॉफ्टवेअर इंजिनियर आहे आणि आकड्यांचा नाद आहे.

आजचा अख्खा भाग एकाच आकड्यावर आहे. मोबाइल हातात असेलच, नोट्स उघडा आणि लिहा: एक, दोन, तीन असं नऊपर्यंत चढा आणि मग आठ, सात, सहा करत परत एकपर्यंत उतरा. १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंक झाले. डावीकडून वाचा, उजवीकडून वाचा, सारखाच.

आता तुम्ही म्हणाल, असे आकडे व्हॉट्सअ‍ॅपवर रोज फिरतात, त्यात काय? मला आज एकच प्रश्न विचारायचा आहे. आकड्याचा एखादा गुण दिसला, की तो गुण त्या आकड्याचा असतो, की आपण तो ज्या पद्धतीने लिहितो त्या पद्धतीचा? प्रश्न पुस्तकी वाटतो, पण ह्याच्या उत्तरावर आमच्या वाडीत एकदा काही पोरांची हजेरी अवलंबून होती. ती गोष्ट पुढे येते. आधी आकडा नीट ओळखून घेऊ.

हा आकडा येतो कुठून? नऊ वेळा १ लिहा, १११११११११, आणि त्याला त्यानेच गुणा. लहानापासून सुरू केलं तर खुबी लगेच कळते. ११ चा वर्ग १२१. १११ चा वर्ग १२३२१. ११११ चा वर्ग १२३४३२१. प्रत्येक वेळी जिना एक पायरी उंच होतो.

असं का होतं? शाळेत गुणाकार मांडायचो तसा मांडून बघा. खाली नऊ ओळी येतील. प्रत्येक ओळीत तेच नऊ एक, फक्त प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली. आता उभी बेरीज करा. अगदी उजव्या रांगेत एकच १ आहे. तिच्या शेजारच्या रांगेत दोन, मग तीन, असं करत मधल्या रांगेत नऊ, आणि पुढे पुन्हा उतरण. कुठेच हातचा घ्यावा लागत नाही, म्हणून जिना स्वच्छ दिसतो.

मग दहा एक घेतले तर? मधल्या रांगेची बेरीज दहा होते, हातचा येतो, आणि जिना मधोमध कोसळतो. उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. मधला आठ गायब, दोन शून्यं घुसली. म्हणजे आपला सतरा अंकी आकडा ह्या कुटुंबातला शेवटचा धडधाकट सदस्य.

हा आकडा वाचायचा कसा? कोटीच्या पुढे आपली जीभ अडखळते. पण भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लीलावती लिहिली, त्यात एकपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं दिली आहेत. हे भास्कराचार्य आपल्या बाजूचेच म्हणायला हरकत नाही. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे नावाचं गाव आहे, तिथे त्यांचा नातू चांगदेव ह्याने त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. तर त्या नावांनी आपला आकडा असा वाचायचा: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधि, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश, एक. एका दमात म्हणून बघा.

आता ह्या आकड्यामागचा माणूस. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. ६१७४ वाला रील तुम्ही पाहिलाच असेल. कोणताही चार अंकी आकडा घ्या, सगळे अंक सारखे नकोत, मोठ्यापासून लहान आणि लहानापासून मोठा असे लावून वजाबाकी करत राहा, जास्तीत जास्त सात वेळात ६१७४ येतो. तेच कापरेकर. जन्म १९०५, डहाणू. शाळा ठाण्याला, कॉलेज पुण्यात फर्ग्युसन. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता, घरात आकडेमोडीची गोडी तिथून आली. कापरेकरांनी १९२९ मध्ये बीएस्सी केलं, पुढची पदवी घेतली नाही, आणि १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळ देवळालीला शाळेत मास्तरकी केली. शाळा सुटली की आकडे.

आपल्या जिन्यासारख्या आकड्यांना त्यांनी नाव दिलं ‘डेम्लो’ संख्या. हे कोण्या परदेशी गणितज्ञाचं नाव वाटतं ना? डेम्लो म्हणजे आपलं डोंबिवली! जीआयपी रेल्वेच्या काळात त्या स्टेशनचं हे नाव होतं आणि ह्या आकड्यांची कल्पना कापरेकरांना तिथे सुचली. १९३८ मध्ये ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ ह्या नियतकालिकात त्यांनी ‘वंडरफुल डेम्लो नंबर्स’ वर लेख लिहिला. आज डोंबिवली फास्टला लटकणाऱ्या किती जणांना माहीत असेल, की आपल्या स्टेशनच्या नावाने गणितात एक जात आहे!

कापरेकरांनी आणखी एक जात शोधली, ‘हर्षद’ संख्या. हर्ष देणारी ती हर्षद. नियम सोपा आहे: आकड्यातल्या सगळ्या अंकांची बेरीज करा, त्या बेरजेने आकड्याला निःशेष भाग गेला तर आकडा हर्षद. उदाहरणार्थ १८. एक अधिक आठ नऊ, आणि नऊने अठराला भाग जातो.

आपला सतरा अंकी आकडा हर्षद आहे का? कॅल्क्युलेटर नको, तोंडी करू. एक ते आठची बेरीज छत्तीस, ती दोनदा म्हणजे बहात्तर, मधले नऊ मिळवा, एक्याऐंशी. आता ८१ ने भाग जातो का? नऊ एकांच्या आकड्यात अंकांची बेरीज नऊ, म्हणून त्याला ९ ने भाग जातो. त्याचा वर्ग केला की त्याला ९ गुणिले ९, म्हणजे ८१ ने भाग जाणारच. झालं! आपला आकडा डेम्लोही आहे आणि हर्षदही.

आता एक गोष्ट करून बघा. जिन्याच्या ह्या कुटुंबात एकूण नऊ सदस्य आहेत, १ पासून आपल्या आकड्यापर्यंत. त्यातले हर्षद किती? मी एकेक तपासले. १२१ नाही, कारण बेरीज चार आणि आकडा विषम. १२३२१ आहे, बेरीज नऊ आणि भागाकार १३६९. त्याच्या पुढचे सगळे आपटतात, आणि मग थेट आपला शेवटचा जिना पास होतो. म्हणजे एक, तीन आणि नऊ एकांचे वर्ग हर्षद आहेत, बाकी सहा नाहीत. का, ते तुम्ही शोधा. एक इशारा देतो: बेरीज नेहमी पायऱ्यांच्या संख्येचा वर्ग असते.

मजा आली ना? कापरेकरांनाही यायची. पण त्यांच्या काळात आपल्याकडच्या बऱ्याच गणितज्ञांनी हे सगळं हसण्यावारी नेलं. परिषदांना ते पदरमोड करून जायचे, आणि लोक म्हणायचे, मास्तर पोरखेळ करतात. १९७५ च्या मार्च महिन्यात मार्टिन गार्डनर ह्यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं, तेव्हा जगाला देवळाली कळली. कापरेकर तेव्हा सत्तरीचे होते. १९८६ मध्ये ते गेले.

हसणाऱ्यांचा मुद्दा काय होता, तो प्रामाणिकपणे समजून घेऊ. कारण तो मुद्दा मूर्खपणाचा नव्हता. इंग्लंडचे जी. एच. हार्डी, म्हणजे रामानुजनना केंब्रिजला बोलावणारे हार्डी, ह्यांनी १९४० च्या आपल्या पुस्तकात अशीच दोन उदाहरणं दिली. ८७१२ हा आकडा २१७८ च्या चौपट आहे, आणि ९८०१ हा १०८९ च्या नऊपट. दोन्ही आपल्याच उलट्या आकड्याच्या पटीत. हार्डी म्हणतात, ठीक आहे, वर्तमानपत्राच्या कोड्याच्या सदरात शोभेल, पण गणितज्ञाने दखल घ्यावी असं ह्यात काही नाही. हे कापरेकरांना उद्देशून नव्हतं. पण कापरेकरांवरचा आक्षेप नेमका हाच होता.

आक्षेपामागचं कारण असं. आपण दहाच्या पटीत मोजतो, कारण आपल्याला दहा बोटं आहेत. कार्टूनमधल्या पात्रांसारखी आठच बोटं असती तर आठच्या पटीत मोजलं असतं. तुमचा मोबाइल तर दोनच्या पटीत मोजतो, त्याच्याकडे फक्त शून्य आणि एक. तिथे दोन हा अंकच नाही, मग नऊ पायऱ्यांचा जिना कुठून येणार?

तर आकड्यांचे गुण दोन डब्यांत टाकता येतात. पहिल्या डब्यात ते गुण जे आकडा कसाही लिहिला तरी टिकतात. आपला सतरा अंकी आकडा वर्गसंख्या आहे, हा पहिल्या डब्यातला गुण. त्याचे अवयवही तिथलेच: तीनचा चौथा घात, गुणिले ३७ चा वर्ग, गुणिले ३३३६६७ चा वर्ग. बायनरीत लिहा, रोमन आकड्यांत लिहा, दगड मोजा, फरक पडणार नाही. दुसऱ्या डब्यात ते गुण जे लिहिण्याच्या पद्धतीवर उभे आहेत. जिन्याचा आकार, उलटसुलट सारखं असणं, हर्षद असणं, सगळं दुसऱ्या डब्यात.

हार्डी आणि रामानुजन म्हटलं की टॅक्सीचा नंबर आठवतो, १७२९. हार्डींना तो नीरस वाटला होता, आणि रामानुजन म्हणाले होते की दोन घनांच्या बेरजेत दोन वेगवेगळ्या प्रकारे मांडता येणारी ती सगळ्यात लहान संख्या आहे. बाराचा घन अधिक एकचा घन, किंवा दहाचा घन अधिक नऊचा घन. पहिला डबा. पण त्याच १७२९ च्या अंकांची बेरीज करा: एकोणीस. एकोणीसने भागा: ९१. म्हणजे १७२९ हर्षदही आहे, आणि भागाकार पुन्हा १९ च्या उलट! दुसरा डबा. एकाच टॅक्सीत दोन्ही बसलेत.

आता आमच्या वाडीचं बघू. वाडीचा पिन कोड ४४००२३. ही मूळ संख्या आहे. म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कशानेही तिला भाग जात नाही. तपासायला ६६१ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं, त्या १२१ आहेत. त्याच्या पुढे जायची गरज नाही, कारण ६६४ चा वर्गच ४४००२३ पेक्षा मोठा होतो. हा गुण पहिल्या डब्यातला. कोणत्याही पद्धतीत लिहा, वाडी अविभाज्यच राहते. (हे ऐकून माझे मित्र लई फुशारकी मारणार आहेत.)

आणि हाच फरक कळला की एक धंदा ताबडतोब उघडा पडतो. लकी नंबरचा. गाडी घेताना बेरीज अमुकच आली पाहिजे म्हणून आरटीओत जास्तीची फी भरून नंबर घेणारे तुमच्याही ओळखीत असतील. मोबाइल नंबरची बेरीज करून नशीब सांगणारे तर इन्स्टाग्रामवर ढिगाने आहेत. बेरीज करत करत एका अंकावर यायचं, ह्याचा अर्थ गणितात एवढाच, की त्या आकड्याला नऊने भागून उरणारी बाकी काढायची (बाकी शून्य आली की नऊ म्हणायचं). वाडीचा पिन घ्या: चार, चार, शून्य, शून्य, दोन, तीन, बेरीज तेरा, एक अधिक तीन चार. लकी नंबर ४. आता आठ बोटांच्या जगात हाच पिन १५३३३२७ असा लिहिला जाईल. त्याच्या अंकांची बेरीज चोवीस. आठच्या पद्धतीत चोवीस म्हणजे ३०, आणि तीन अधिक शून्य तीन. लकी नंबर ३! गाव तेच, आकडा तोच, फक्त बोटं दोन कमी झाली आणि ग्रह बदलला. ज्या गुणाला आपल्या बोटांची संख्या कळते, त्याला आपलं नशीब कळत असेल असं मानायला मला जड जातं. पैसे द्यायच्या आधी एवढा हिशेब करून बघा.

मग प्रश्न येतो: दुसरा डबा कचऱ्यात टाकायचा का? हार्डी बरोबर आणि कापरेकर मास्तर नुसते खेळत बसले?

इथे मी सॉफ्टवेअरवाला म्हणून बोलतो. आपला सतरा अंकी आकडा लॅपटॉपवर एक्सेलमध्ये टाका. आधी तो १.२३४५७ई+१६ असं काहीतरी दाखवेल. सेलचा फॉरमॅट नंबर करा. आता दिसेल १२३४५६७८९८७६५४३००. शेवटचे २१ गेले, त्यांच्या जागी दोन शून्यं. एक्सेल आकड्याचे फक्त पहिले पंधरा अंक धरून ठेवतं. जावास्क्रिप्टमध्ये टाकला तर शेवटी २१ च्या जागी २० येतं. तिथे साध्या आकड्याला त्रेपन्न बिट मिळतात, आणि आपल्या आकड्याला चोपन्न लागतात. एक बिट कमी पडतो, आकडा विषम आहे, म्हणून शेवटचा एक गळतो. २०१० मध्ये ट्विटरने आपल्या ट्वीटचे क्रमांक मोठे केले तेव्हा हीच अडचण आली, आणि त्यांना प्रत्येक क्रमांक आकडा म्हणून आणि अक्षरं म्हणूनही, असा दोनदा पाठवायला लागला.

आकड्याच्या दृष्टीने हा फरक किरकोळ आहे. एवढ्या मोठ्या रकमेत एकवीस इकडे तिकडे, कोण विचारतो? पण आकडा जेव्हा ओळख असतो, खातं क्रमांक असतो, पार्सलचा नंबर असतो, तेव्हा शेवटचा अंक गेला म्हणजे माणूसच बदलला.

आता वाडीची गोष्ट. आमच्याकडे ट्रान्सपोर्ट आणि गोडाउनची रांगच्या रांग आहे. माझा मामेभाऊ अशाच एका गोडाउनमध्ये डिस्पॅच बघतो. एका रात्री त्याचा फोन आला. गाडी लागलेली, बिल्टी तयार, ड्रायव्हर ओरडून राहिला, आणि हा म्हणतो, “अरे, लिस्टमधे शंभर पेट्या एकाच नंबरच्या दिसून राहिल्या. साहेब म्हणते पोट्ट्यांनी एकच लेबल सगळीकडे चिकटवलं. त्यांची हजेरी कापतो म्हणते. तू येतं का पाहायला?”

मी विचारलं, “दादा, नंबर किती अंकी आहे?”

“अठरा. आणि सगळ्यांच्या मागं तीन शून्य.”

अठरा अंकी, मागे तीन शून्यं. पंधरा अधिक तीन. मंडळी, तुमच्याही डोक्यात दिवा लागला असेल. कोणीतरी ती यादी डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली होती आणि तशीच सेव्ह केली होती. पण हे साहेबाला फोनवर कसं पटवायचं? त्याचं म्हणणं, कॉम्प्युटर कशाला चुकेल, पोरंच चुकली.

इथे दुसरा डबा कामाला आला. घरात बिस्किटाचा पुडा असेल तर घ्या. बारकोडखाली तेरा अंक असतात, भारतातल्या कंपन्यांचा क्रमांक बहुतेक ८९० ने सुरू होतो. उजवीकडून मोजायला लागा. पहिला अंक तसाच घ्या, दुसऱ्याची तिप्पट, तिसरा तसाच, चौथ्याची तिप्पट, असं शेवटपर्यंत, आणि सगळं मिळवा. बेरीज नेहमी शून्यावर संपते. मी मनाने एक बनवतो, ८९०१२३४५६७८९०. तसे घ्यायचे त्या अंकांची बेरीज अठ्ठावीस. तिप्पट करायचे त्यांची चौतीस, तिप्पट केली एकशे दोन. एकूण एकशे तीस. शून्यावर संपली, नंबर वैध. अगदी उजवीकडचा अंक ह्याचसाठी जोडलेला असतो, बेरीज शून्यावर आणायला. त्याला चेक डिजिट म्हणतात. कुठलाही एक अंक चुकला तर बेरीज शून्यावर संपूच शकत नाही, कारण एक किंवा तीन, कशानेही गुणलं तरी एका अंकाचा फरक दहाच्या पटीत येत नाही.

गोडाउनच्या अठरा अंकी लेबललाही हाच नियम लागतो. मी दादाला म्हटलं, कागद घे आणि त्या तीन शून्यांच्या नंबरची बेरीज कर. त्याने साहेबासमोर केली. शून्यावर संपली नाही. म्हणजे असा नंबर लेबल छापणाऱ्या मशीनमधून बाहेर पडूच शकत नव्हता. मग पोरांनी तो चिकटवला कसा? दादाने उठून दोन पेट्यांवरची लेबलं प्रत्यक्ष वाचली. पहिले पंधरा अंक सारखे, शेवटचे तीन वेगळे, आणि दोन्हींची बेरीज शून्यावर. हिशेबही जुळला: शेवटच्या तीनपैकी एक चेक डिजिट, उरले दोन, दोन अंकांत शंभर वेगवेगळ्या पेट्या बसतात. मूळ फाइल पुन्हा मागवली, ह्या वेळी तो रकाना टेक्स्ट म्हणून उघडला, आणि गाडी सुटली. हजेरी कोणाचीच कापली गेली नाही.

आता बघा, ही बेरीज कोणत्या डब्यातली? दुसऱ्या! दहाच्या पद्धतीत लिहिलेल्या अंकांशी केलेला खेळ, वर्तमानपत्रातल्या कोड्यासारखा. पण त्या रात्री एखादी मोठी मूळ संख्या कामाची नव्हती. माणसं आणि मशीन आकडे लिहितात, वाचतात, टाइप करतात, आणि चुका अंकांत होतात. म्हणून पहाराही अंकांवरच बसवावा लागतो. तुमच्या आधारचा बारावा अंकसुद्धा असाच पहारेकरी आहे. त्याची पद्धत याकोबस व्हरहूफ ह्या डच गणितज्ञाने १९६९ मध्ये मांडली. ती बारकोडपेक्षा कडक आहे. बारकोडची बेरीज १६ च्या जागी ६१ टाइप केलं तर फसते, व्हरहूफची पद्धत शेजारच्या दोन अंकांची कुठलीही अदलाबदल पकडते.

म्हणून माझं मत असं. हार्डी बरोबर होते, दुसऱ्या डब्यातले गुण आकड्याच्या पोटातले नसतात, ते त्याच्या कपड्यांचे असतात. पण गर्दीत हरवलेलं पोर आपण कपड्यांवरूनच ओळखतो की नाही? चेक डिजिट कापरेकरांनी शोधला असं मी म्हणत नाही. पण लिहिलेल्या अंकांकडे इतकं निरखून बघण्यात लाज वाटून घ्यायचं कारण नाही, हे देवळालीच्या त्या मास्तरांनी बत्तीस वर्षं नोकरी सांभाळून दाखवलं. आज आपलं खातं, आपलं पार्सल, आपलं आधार, सगळं लिहिलेल्या अंकांवर चालतं. गल्लत फक्त एक करायची नाही: कपड्यांवरून ओळख पटते, नशीब कळत नाही.

डेव्हलपर मंडळींना एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. ज्या आकड्याची बेरीज-वजाबाकी करायची नाही, तो आकडा नसतो, ते नाव असतं. खातं, पिन, मोबाइल, पार्सल, सगळं टेक्स्ट म्हणून साठवा. आणि खरोखर मोठं गणित करायचं असेल तर पायथनमध्ये आकडा कितीही मोठा चालतो, जावास्क्रिप्टमध्ये त्यासाठी बिगइंट आहे.

आता गृहपाठ. एक, आपल्या गावाचा पिन कोड मूळ संख्या आहे का ते बघा. २, ४, ५, ६, ८ किंवा ० वर संपत असेल तर सुटलात, तो नाहीच. दोन, जिन्याच्या नऊ आकड्यांत तीनच हर्षद का, ते कागदावर शोधा, मोबाइल बाजूला ठेवून. तीन, घरातल्या एका तरी पुड्यावरची बेरीज शून्यावर संपते का पाहा, आणि लहान भावंडांना करून दाखवा. त्यांना ती जादू वाटेल. का होते तेही सांगा, म्हणजे पुढे कोणी अंकांची जादू दाखवून पैसे मागितले तर ती पोरं आधी कागद मागतील.

चला, आज इथेच थांबतो. बाहेर पुन्हा गाडी लागलेली दिसते. उत्तरं पाठवा, भेटू पुढच्या भागात. तोवर, काळजी घ्या!